लॅपटॉपवाल्याचा हिशोब

पुण्यात घरून काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये एक खासगी एक्सेल शीट असते. कंपनीची नव्हे, स्वतःची. कुणाच्या शीटचं नाव 'नाशिक', कुणाचं 'सांगली', कुणाचं 'रत्नागिरी'. माझ्या शीटचं नाव 'कोल्हापूर'. डावीकडे पुण्याचा खर्च, उजवीकडे कोल्हापूरचा, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत बचत.

माझी बचत येत होती महिन्याला ४६,५०० रुपये. पुण्यातलं भाडं ३४,०००, कोल्हापुरात शून्य. का? तर राजारामपुरीत आमचं घर आहे. खाली आई एकटी राहते, वर दोन खोल्या. शाळेची फी निम्मी, पेट्रोल निम्मं, भाजी-दूध स्वस्त. शिवाय रंकाळ्यावर संध्याकाळचा फेरफटका, रविवारी सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा. याचे पैसे शीटमध्ये धरता येत नाहीत म्हणून शेजारी नुसती बरोबरची खूण केली होती. आई आता चौऱ्याहत्तरची आहे आणि गेल्या दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. त्या ओळीपुढे मी तीन खुणा केल्या होत्या.

आता एवढा चोख हिशोब मांडल्यावर उरतं काय? फक्त टेम्पो बोलवायचा. मी तर दोन-तीन मित्रांना भाषणंही देऊन झालो होतो. २०२० च्या लॉकडाऊननंतर हे भाषण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. 'अरे, नेट असलं की झालं, पुण्यात सडायचं कशाला? पगार पुण्याचा, खर्च गावचा!' टाळ्या.

मग एका रात्री बायकोने ती शीट बघितली. चष्मा लावून, सावकाश, वरपासून खालपर्यंत. आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?"

मी म्हटलं, "आहेस की. ही बघ, सातवी ओळ."

सातव्या ओळीत तिचं उत्पन्न होतं. दोन्ही रकान्यांत तोच आकडा. शेजारी मी टीप लिहिली होती, 'तिकडेही काहीतरी मिळेलच.'

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूडमध्ये तिचं छोटं क्लिनिक आहे, एक खोली आणि एक बाहेरचा बाक. त्याला ११ वर्षं झाली. पहिलं दीड वर्ष दिवसाला दोन पेशंट यायचे, कधी एकही नाही. मग एका हाडांच्या डॉक्टरांनी पेशंट पाठवायला सुरुवात केली. मग एका आजींचा गुडघा बरा झाला, त्यांनी आपल्या भिशीतल्या सगळ्या गुडघ्यांना पाठवलं. असं करत करत आज संध्याकाळी बाकावर जागा नसते. ही गोष्ट टेम्पोत घालून नेता येत नाही. कोल्हापुरातही गुडघे आहेत, पण तिथल्या गुडघ्यांना तिचं नाव माहीत नाही. चाळीशीत तिने पुन्हा पहिल्या दीड वर्षापासून सुरुवात करायची. का? तर मला रविवारी मिसळ खायची आहे म्हणून.

'काहीतरी मिळेलच' हा शब्दप्रयोग बघा. माझ्या स्वतःच्या नोकरीबद्दल कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. स्वतःचं असतं ते करिअर, आणि बायकोचं असतं ते काहीतरी.

एकदा हे दिसल्यावर मी शीट पुन्हा वाचायला घेतली. आणि लक्षात आलं की ती सातवीच ओळ चुकली आहे असं नाही. 'भाडं, शून्य' ही ओळही खोटी आहे.

वरच्या त्या दोन खोल्या रिकाम्या नाहीत. तिथे शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली राहतात. एक गडहिंग्लजकडची, एक चंदगडची. आई त्यांच्याकडून भाडं घेते, पण ते नावाला. खरं भाडं वेगळंच आहे. आई पडली तेव्हा तिला उचललं कुणी? मी नाही. मी त्या वेळी एका कॉलवर होतो. या मुलींनी उचललं, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, आणि मला फोन केला तो सगळं उरकल्यावर. म्हणजे आईची काळजी घ्यायला मी कोल्हापूरला जाणार, आणि त्यासाठी आधी कुणाला बाहेर काढणार, तर आईची काळजी घेणाऱ्यांना! माझ्या शून्यामध्ये दोन पोरी बसल्या होत्या आणि मला दिसल्या नव्हत्या.

आईला फोन करून हे सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "मला विचारलंस का तू?"

नव्हतं विचारलं. तीन खुणा केल्या होत्या, पण विचारलं नव्हतं. मुलीलाही विचारलं नव्हतं. ती जूनमध्ये नववीत जाणार. तिच्यापुढे मी बरोबरच्या खुणेसोबत 'मुलं लवकर रुळतात' असं लिहिलं होतं. हे वाक्य आजवर कुठल्याही मुलाने म्हटलेलं नाही. ते नेहमी मोठी माणसंच म्हणतात.

तर माझा मुद्दा हा आहे. घरून काम करणाऱ्या माणसाचं शहर बदललं तर त्याचं स्वतःचं काय बदलतं? टेबल तेच, खुर्ची तीच, हेडफोन तोच. सकाळच्या मीटिंगमध्ये तीच नऊ तोंडं. पगार त्याच तारखेला. फार तर मागची भिंत बदलते, आणि ती लपवायला आपण बॅकग्राउंड लावतो. घरातल्या बाकी सगळ्यांचं मात्र सगळं बदलतं. आणि तरीही शीट करतो तो हाच, बचत काढतो तो हाच, निर्णय घेतो तोही हाच. ज्याचं काही हलत नाही तो सगळ्यांना हलवतो.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? बँकेत, सरकारी खात्यात बदल्या व्हायच्याच. बाप बदलून गेला की त्याच्या मागे बायको-पोरं, सिलिंडर, तुळशीची कुंडी, सगळं जायचं. खरं आहे, मीही तसाच वाढलोय. पण त्या बदलीत बापाचंही काही तरी जायचं. नवा साहेब, नवी शाखा, नवी माणसं, कधी कधी नवी भाषा. घरातल्या प्रत्येकाला थोडं थोडं उपटलं जायचं, आणि बाप त्यात पहिला असायचा. आमच्या बदलीत बाप खुर्चीवरून उठतसुद्धा नाही.

शिवाय बदलीत नोकरी त्या गावात असायची. माझी नोकरी कोल्हापुरात नाही. ती कुठेच नाही, एका ईमेलवर आहे. २०२३ पासून आपल्याकडच्या मोठमोठ्या आयटी कंपन्यांनी लोकांना परत ऑफिसात बोलवायला सुरुवात केली. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस यायचं. उद्या माझ्या कंपनीने तसंच केलं तर? मी परत येईन. पण तोवर क्लिनिकची खोली दुसऱ्याची झालेली असेल आणि बाकावरचे पेशंट दुसरीकडे गेलेले असतील. माझी चूक दुरुस्त होते, तिची होत नाही.

आता घराबाहेर येऊ. माझा मामेभाऊ उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो. त्याला मोठ्या उत्साहाने बेत सांगितला. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, "ये की भावा. पण पाणी आलं की तू बॅग उचलणार आन् पुण्याला जाणार. मी लेथ कुठं उचलू?"

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कोल्हापुरात पावसाळ्यात हे आकडे शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. माझ्या शीटमध्ये 'हवा उत्तम' अशी ओळ होती, पुराची नव्हती. कारण मामेभाऊ म्हणतो ते खरं आहे, पूर माझ्यासाठी नाहीच. इशारा पातळी आली की मी निघू शकतो. ज्याचं पोट त्या शहरातल्या मशीनवर, दुकानावर, म्हशींवर आहे तो निघू शकत नाही.

आणि ज्या शहराला मी 'स्वस्त आणि मस्त' म्हणून शीटमध्ये बसवत होतो ते तसं आपोआप झालेलं नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा कोल्हापूरकर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले. एन. डी. पाटलांसारखा म्हातारा माणूस मोर्चाच्या पुढे चालला. २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी लोकांनी किती आंदोलनं केली आणि किती वाट बघितली! ते पाणी शहरात पोचलं २०२३ च्या दिवाळीत. या सगळ्या काळात मी पुण्यात होतो. आता सगळं तयार झाल्यावर पुण्याचा पगार घेऊन जायचं, दोन हजार जास्त भाडं सहज देऊ शकतो म्हणून चांगला फ्लॅट आधी पटकवायचा, आणि वर म्हणायचं की आमच्यामुळे लहान शहरांचा विकास होतोय! अहो, माझ्या येण्याने उद्यमनगरात एक तरी पोरगं कामाला लागेल का? मी फार तर एक मिसळ जास्त खाईन.

याचा अर्थ कुणी जाऊच नये असा नाही. पुण्यात काय सुख आहे ते मला ठाऊक आहे, उन्हाळ्यात आमच्याही सोसायटीत टँकर येतात. नवरा-बायको दोघांचंही काम लॅपटॉपवर असेल, पोरं लहान असतील, तर खुशाल जा. बायकोलाच तिकडे काही उभं करायचं असेल तर उद्या जा. आणि गेल्यावर तिथले होऊन राहा. मतदारयादीत नाव घाला, वॉर्डातल्या पाण्यासाठी भांडा, पुरात चिखल काढायला उतरा. माझं भांडण जाण्याशी नाही. माझं भांडण त्या शीटशी आहे, आणि ती एकट्याने भरणाऱ्या माणसाशी. म्हणजे माझ्याशीच.

माझं मत विचाराल तर नियम साधा असावा. ज्याचा दिवस सगळ्यात जास्त बदलणार, त्याचं मत सगळ्यात आधी. लॅपटॉपवाल्याचं सगळ्यात शेवटी. आणि बाकी कुणी 'नको' म्हटलं तर त्याने 'का' असं एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही.

असो. आमच्याकडे निर्णय झाला, तो बायकोने केला. एका वाक्यात केला. म्हणाली, "रिमोट कोण आहे? तू. मग तू जा की."

मला आधी हा टोमणा वाटला. पण तिने तो टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिचं म्हणणं असं की घरात हलू शकणारा माणूस एकच आहे, मग बाकीच्यांनी का हलायचं? आईकडे कुणीतरी असावं हे खरंच आहे, तर महिन्यातले दहा दिवस तू तिकडून काम कर. मुलीची दहावी झाल्यावर पुन्हा बसू, तिघीही बोलू. (तिघी म्हणजे ती, आई आणि मुलगी. माझं मत शेवटी, नियमाप्रमाणे.)

इतक्या महिन्यांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मोकळीक मला मिळाली होती, आणि ती वापरायची म्हटल्यावर मी सगळं घर पॅक करायला निघालो होतो. स्वतःची बॅग भरायचं सुचलंच नाही.

आता तीन महिने झाले. दर महिन्याला दहा दिवस जातो. कधी वंदे भारतने, कधी एसटीने. हायवेचं काम चालू असल्याने एसटीत किती वेळ लागेल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. वरच्या खोल्यांत मुली आहेत तशाच आहेत, मी खाली बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतो. पाठ दुखते. बायकोने फोनवर तीन व्यायाम सांगितलेत, फुकट. इकडे मी नसताना मुलीला शाळेतून आणायचा घोळ होतो, तो अजून नीट सुटलेला नाही. ४६,५०० तर सोडाच, प्रवासाचा खर्च वाढलाय.

परवा रात्री नऊ वाजता माझा अमेरिकेचा कॉल चालू होता. आई मालिका बघत होती. तिने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि पुढे सरकून बसली. कॉल संपल्यावर म्हणाली, "दहा दिवस ठीक आहे रे. त्याच्यावर नको. मला मालिका ऐकू येत नाही."

हीपण ओळ शीटमध्ये नव्हती.