तीस गुणांचा हिशेब

ज्येष्ठांची स्मरणशक्ती पाहण्यासाठी हल्ली दवाखान्यात व शिबिरांत दहा-पंधरा मिनिटांची चाचणी घेतली जाते. आजची तारीख सांगणे, काही शब्द लक्षात ठेवणे, १०० मधून सात-सात वजा करीत जाणे असे ३० गुणांचे प्रश्न असतात. २५ गुण मिळाले की घरात कुजबुज सुरू होते : वडिलांना आता पेढीवर बसू द्यावे का? सहीचा अधिकार काढून घ्यावा का? एवढ्या मोठ्या निर्णयापूर्वी त्या आकड्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम चाचणी कोणती, ते विचारावे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमएमएसई’ चाचणीत साधारणतः २४ च्या खालचे गुण चिंतेचे मानतात. २००५ च्या ‘मोका’ चाचणीची मूळ मर्यादा २६ आहे. म्हणजे तेच २५ गुण एका चाचणीत समाधानकारक, तर दुसऱ्या चाचणीत कमी ठरतात.

शिक्षण व भाषा यांचाही परिणाम होतो. शाळा लवकर सुटलेल्या आजींना घनाकृती काढता आली नाही, तर तो सरावाचा अभाव असू शकतो. उलट, आयुष्यभर तोंडी हिशेब केलेले आजोबा वजाबाकी बिनचूक करतील. पण तेवढ्यावरून स्मरणशक्ती शाबूत आहे असे म्हणता येत नाही. चाचणी शक्यतो मातृभाषेतच व्हावी.

कमी ऐकू येणे, अपुरी झोप, उदासीनता, थायरॉइडचा विकार, काही औषधे यांमुळेही गुण घटतात. शुद्ध शाकाहारी कुटुंबांनी ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची तपासणी अवश्य करावी. त्याच्या कमतरतेवर उपचार आहेत.

एका दिवसाच्या रोजमेळावरून पेढीची पत ठरत नाही. मागील खाते पाहावे लागते. तसेच येथेही. पूर्वीच्या तुलनेत घसरण आहे का, आणि औषधे घेणे, पैशांचा व्यवहार, नेहमीचा रस्ता यांत नव्याने अडचण येते का, हे पाहावे. नाव चटकन न आठवणे व थोड्या वेळाने आठवणे हे वयोमानाप्रमाणे होते. तोच प्रश्न वारंवार विचारणे किंवा तीच रक्कम दोनदा चुकती करणे याची मात्र दखल घ्यावी. चांगले गुण असूनही अशी लक्षणे दिसल्यास तज्ज्ञांकडे जावे.

डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिन्यांनी फेरचाचणी करावी. सरावाने गुण किंचित वाढू शकतात, हेही ध्यानात असावे. आणि निर्णय कोणताही असो, तो वडीलधाऱ्यांना समोर बसवून, त्यांच्याशी बोलूनच घ्यावा.