कूप आणि पिकअप

१/ जुनी दोन दारांची कूपे सरस की नवी पिकअप, यावर मोटारींचे रसिक तासन्‌तास वाद घालतात. चंद्रपूर-गडचिरोलीत याच दोन शब्दांनी जंगलाचा इतिहास सांगता येतो. माझा कौल पिकअपला आहे, पण त्याचे कारण इंजिनात नाही.

२/ फ्रेंच भाषेत 'कुपे' म्हणजे कापलेला. पुढची बैठक कापून आखूड केलेल्या घोडागाडीला ते नाव पडले आणि पुढे मोटारीकडे आले. त्याच कुळातला 'कूप' इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याबरोबर आपल्याकडे आला. एका वर्षी तोडण्यासाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तो कूप. (संस्कृतातल्या विहिरीशी त्याचे नाते नाही.)

३/ वनखाते कूपांना क्रमांक देई, तोडायच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का उमटवी. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती अशाच कूपांतून बाहेर गेली. तोड झाली की नव्या फुटव्यासाठी तो तुकडा चराईला बंद. गावाच्या वाट्याला तोडीची मजुरी आणि मोजका निस्तार. आखणी करताना गावाला कोणी विचारले नाही.

४/ २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदू अशा गौण वनोपजाची मालकी गावांकडे दिली. २००९मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. मात्र २००८चे नियम वाचून पाहा. वनोपज वाहून नेण्यासाठी त्यांत साधने नमूद होती तीन : डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी. तीही वनक्षेत्रापुरतीच. ज्या रानातून कूपाचे लाकूड दशकानुदशके ट्रकने गेले, त्याच रानाच्या नव्या मालकाला सायकल! लांबलचक बांबू सायकलला कसा बांधायचा, हे नियमकर्त्यांनी एकदा करून दाखवायला हवे होते.

५/ एप्रिल २०११मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. सप्टेंबर २०१२च्या दुरुस्तीने तीन साधनांची ती अट गेली. योग्य त्या वाहनाने, वनक्षेत्राबाहेरही माल नेण्याची मुभा मिळाली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. गावाच्या मालासाठी पिकअप रानाच्या वाटेवर कायदेशीर झाली ती तेव्हा. कूपांची कागदपत्रे अभिलेखागारात सांभाळून ठेवली जातात. ग्रामसभांच्या परवान्यांची स्थळप्रतही तितक्याच जपणुकीने ठेवली पाहिजे, असे माझे मत आहे.

६/ एक आक्षेप मला मान्य आहे. उन्हाळ्यात तेंदूची पोती वाहणारी अशीच पिकअप मिरचीच्या तोडणीसाठी माणसे दाटीवाटीने उभी करून तेलंगणात नेते. त्या फेरीसाठी ग्रामसभेचा परवाना लागत नाही.