रंगभूमीने शाळेची पायरी चढावी

मराठी माणूस नाटकवेडा आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढील काळात नाटक मंडळ्या आपली बिऱ्हाडे पाठीशी घेऊन गावोगाव हिंडल्या. अक्षरओळख नसलेल्यांच्या ओठीही नाट्यपदे रुळली, ती याच भ्रमंतीमुळे. नाटक प्रेक्षकाच्या दारी जात असे. मुलांच्या रंगभूमीला मात्र ही परंपरा आपण पुरेशी लाभू दिली नाही.

मराठी बालरंगभूमी दरिद्री आहे, असे मुळीच नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ मंचावर आणून मुलांच्या नाटकाला प्रतिष्ठा दिली. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात बर्लिनची ‘ग्रिप्स’ चळवळ पुण्यात आली. मोठ्यांनी मुलांच्या भूमिका करायच्या आणि मुलांचेच रोजचे प्रश्न गाण्यांतून मांडायचे, ही तिची रीत येथेही रुजली. मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये नव्याने आले, तेव्हा नाट्यगृहे भरली. मुलांना नाटक नको झाले आहे, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. प्रश्न निराळाच आहे. तिकीट काढून, वाहन करून, सुट्टीच्या दिवशी नाट्यगृह गाठणे किती कुटुंबांना परवडते? पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलाने यावे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर इतरांनी शोधले आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड नाट्यगृहाने १९६५ मध्ये नटांचे एक पथक थेट शाळांकडे धाडले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये शिक्षणासाठी नाट्य हे ध्येय ठेवून स्वतंत्र मंडळी उभी केली. तत्त्व साधे आहे. मुलांचा वयोगट ठरवायचा, त्यांच्या आकलनाचा विषय घ्यायचा आणि प्रयोगानंतर त्यांच्याशी बोलायचे. यासाठी पडदा लागत नाही, झगमगाट लागत नाही. पाच-सहा नट, एक पेटी, एक ढोलकी आणि सामान नेणारा एक टेम्पो एवढ्यावर पाऊण तासाचे उत्तम संगीत नाटक शाळेच्या सभागृहात उभे राहू शकते. पथ्य एकच : एका वेळी दोन वर्गच बसावेत. अख्खी शाळा मैदानात बसवून ध्वनिक्षेपकावरून केलेला प्रयोग मागच्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

हे नाटक संगीतच का असावे? पाढे आणि परवचा आपल्या घरांत तालावर म्हटले जात, कारण लयीत बांधलेले मुलाच्या मनात टिकते. मात्र येथे एक धोका संभवतो. ‘शैक्षणिक’ म्हटले की लेखकाची लेखणी उपदेशाकडे वळते आणि शेवटी सर्व पात्रे रांगेत उभी राहून घोषणा देतात. आपल्या कीर्तनकारांना यातले मर्म ठाऊक होते. पूर्वरंगात निरूपण झाले, तरी उत्तररंगातील आख्यान रंगल्यावाचून ते श्रोत्यांच्या अंतःकरणात उतरत नसे. पाण्याचे मोल सांगणाऱ्या नाटकात आधी एखाद्या मुलीची रिकामी घागर दिसली पाहिजे. बोध मुले स्वतःच काढतील. त्यांच्या बुद्धीवर तेवढा विश्वास टाकायला हवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असे सुचविले आहे. कलेला अध्यापनाशी जोडण्याचाही आग्रह आहे. त्यांतील एक दिवस नाटकाला मिळाला, तर अभ्यास बुडतो ही तक्रार उरणार नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. शासनाने करावे, हे म्हणणे रास्त असले, तरी तेवढ्यावर थांबणे समाजाला शोभत नाही. प्रायोजकाच्या मालाची जाहिरात गाण्यांतून वर्गात शिरावी, हेही नको. गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि सुस्थित कुटुंबे यांनी वर्षाकाठी एकेका शाळेच्या एका प्रयोगाचा भार उचलावा. मुलाच्या वाढदिवसाचा खर्च थोडा आखडता घेऊन दोन-चार कुटुंबांना हे सहज साधेल. फलकावर नाव नसले तरी चालेल. कलावंतांना मात्र योग्य मानधन द्यावे. मुलांचे नाटक म्हणजे फुकटची सेवा, ही समजूत या रंगभूमीला मारक ठरते.

ज्या मुलाने एकदा समोर उभ्या असलेल्या जिवंत नटाचे गाणे ऐकले, तो पुढे नाटकाचा प्रेक्षक होईल, कदाचित नटही होईल. पण ती पहिली घंटा त्याच्या शाळेत वाजली पाहिजे. ती वाजविणे आपल्या हाती आहे.