घरचे गाणे

वाचकहो, घरच्या मंडळींनी आग्रह केला म्हणून आपण कधी गायला बसला आहात काय? तारसप्तकातील षड्ज मला कधीच साधला नाही. तरीही वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या सायंकाळी आईने ‘गीतरामायणा’तील ते गीत म्हणावयास सांगितले, ज्यात चित्रकूटावर श्रीराम भरताची समजूत घालतात. माडगूळकरांची ही ५६ गीते, सुधीर फडके यांच्या संगीतासह, पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाली. (फडक्यांचा आवाज ज्यांच्या कानांत आहे, त्यांच्यापुढे ती म्हणणे हे धाडसच!)

सागरात दोन ओंडके एका लाटेने भेटतात, दुसरीने दुरावतात. हा दृष्टान्त वाल्मीकींच्या अयोध्याकांडातही आहे. नेमका तेथेच माझा आवाज फाटला. लहानपणापासून हे कडवे मी केवळ चालीच्या गोडीने म्हणत आलो होतो. दोष कोणाचाच नाही, असे भरताला सांगणारा राम स्वतःही नुकताच पितृहीन झाला आहे, हे त्या क्षणी प्रथमच ध्यानी आले.

मी थांबलो. आईने टाळ थांबविला नाही. पुढची ओळ तिनेच उचलली, माझ्याहून खालच्या पट्टीत. आणि पेटीवरचे सूर मला पुन्हा शोधावे लागले.