सिकलसेलच्या तपासणीत खुबाही हवा

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली ती १९५८ मध्ये. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. हे काम मोलाचे आहे यात वाद नाही. पण आपली सगळी चर्चा हिमोग्लोबिन, रक्ताच्या पिशव्या आणि लग्नाआधीची तपासणी यांभोवतीच फिरते. सिकलसेल हा हाडांचाही आजार आहे, आणि प्रत्येक रुग्णाचा खुबा दरवर्षी तपासला गेलाच पाहिजे.

विळ्याच्या आकाराच्या, ताठर झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तान्ह्या मुलांची बोटे सुजतात, मोठ्यांना हाडांत असह्य कळा येतात, जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचतो. सर्वांत दूरगामी नुकसान होते ते मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचे. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि नाजूक. त्या तुंबल्या की हाड मरते. काही काळ त्याचा आकार टिकून राहतो, मग शरीराच्या भाराने तो गोळा खचतो आणि ऐन पंचविशीत माणूस लंगडू लागतो. ज्याचे पोट धानाच्या रोवणीवर किंवा तेंदूपत्त्याच्या तोडणीवर आहे, त्याच्यासाठी खुबा जाणे म्हणजे मजुरी जाणे. अमेरिकेतील २,५९० रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दहा टक्क्यांच्या खुब्यात सुरुवातीलाच हा बिघाड आढळला, आणि निदान झाले तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ना वेदना होती, ना हालचालीत अडचण. दुखल्यावर बघू, हे धोरण इथेच कोसळते.

यावर पहिला आक्षेप असा की, भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकत असल्याने आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो. सरासरीत ते खरे असेल, पण विदर्भात तीव्र त्रासाची मुले कमी नाहीत. शिवाय त्याच अमेरिकी अभ्यासात अल्फा थॅलेसेमिया सोबत असलेल्या रुग्णांना खुब्याचा धोका अधिक दिसला, आणि मध्य भारतातील आदिवासींमध्ये तो जनुकदोष बराच आढळतो. रक्ताचे आकडे बरे, म्हणून हाड सुरक्षित, असा हिशेब इथे लागू पडत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा आहे. सुरुवातीचा बिघाड एक्स-रेत दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. तो हजारो रुग्णांचा कसा करणार? सरसकट करावा असे कुणीच म्हणत नाही. पाय आतल्या बाजूला वळतो का, मांडी घालताना अडते का, हे पाहायला पाच मिनिटे आणि प्रशिक्षित हात पुरतात. एमआरआय संशयितांचाच करावा. लक्षणे नसलेले काही रुग्ण यातूनही निसटतील, हे मान्य. पण आज तर दुखणारेही ‘वात असेल’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या खात राहतात.

लवकर कळून तरी उपयोग काय, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कळांचे झटके कमी करते. पण ते खुबा वाचवते याचा ठोस पुरावा नाही. कृत्रिम सांधा बसवता येतो, पण तरुणपणी बसवलेला सांधा जन्मभर पुरत नाही आणि सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाची भीती अधिक. तरीही २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, हाडाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया व फिजिओथेरपी घेतलेले आणि केवळ फिजिओथेरपी घेतलेले, अशा दोन्ही गटांची स्थिती तीन वर्षांनी सारखीच निघाली. म्हणजे खर्चिक यंत्रणेवाचूनही काही करता येते: व्यायाम, ओझे कमी करणे, कामाची पद्धत बदलणे. ते हाड खचण्याआधी सुरू झाले तरच त्याला अर्थ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आहे; खुब्याची नोंद वेळेत झाली तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही रुग्णाच्या हाती आधार राहील. आरोग्य विभागाने सिकलसेल कार्डावर खुब्याच्या तपासणीचा एक रकाना वाढवावा आणि नागपूरच्या मेडिकल व मेयोत आणि जिल्हा रुग्णालयांत सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागात अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांचा ठरलेला दिवस ठेवावा.