पाइपाला मुंग्या येतात?



“मोटार चालू असताना पाइपाला हात लावू नका, जरा करंट मारतो,” असे घरच्यांना बजावून ठेवलेली विहीर गावोगाव एखादी तरी असते. या बोलण्याची घराला सवय होऊन जाते. गडी रबरी चप्पल घालून स्टार्टर दाबतो, धुणे धुणारी बाई पाइपापासून अंग राखून बसते. पण एखाद्या दिवशी पाऊस पडून गेलेला असतो, पाय चिखलात अनवाणी असतात, आणि पाणी प्यायला आलेले पोर नेमका तोच पाइप धरते. काल नुसत्या मुंग्या आणणारी वीज आज जीव घेते.

वीज पाइपात येते कशी? ओलीने, उष्णतेने किंवा उंदरांनी कुरतडल्याने मोटारीच्या किंवा केबलच्या तारांवरचे आवरण खराब होते. मग वीज मोटारीच्या लोखंडी अंगात उतरते आणि तिथून लोखंडी पाइपात.

“फ्यूज आहे ना, उडेल की!” असे पुष्कळजण म्हणतात. हिशेब करून पाहू. 5 हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार सुमारे साडेसात अँपिअर वीज घेते. सुरू होताना ती जास्त घेते, म्हणून फ्यूज 15 अँपिअरचा घालतात. ओल्या अंगाच्या माणसाने 230 व्होल्टची फेज धरली, तर त्याच्या अंगातून पाव अँपिअरच्या आसपास वीज जाते. तेवढ्याने माणूस दगावतो, पण फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज तारांसाठी असतो, माणसासाठी नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट अर्थिंग. सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप जमिनीत उभा पुरून भोवती कोळसा व मीठ भरतात. मोटारीचे अंग आणि स्टार्टरची पेटी जाड तारेने त्याला घट्ट जोडावी. मोटारीला अशा दोन वेगळ्या तारा असाव्यात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत जावे, कारण कोरडी जमीन वीज नीट ओढून घेत नाही. अर्थिंगचा विरोध 20 ओहम झाला, तर 230 व्होल्टला साडेअकरा अँपिअरच वीज जाते. 15 अँपिअरचा फ्यूज तसाच राहतो आणि पाइपही जिवंतच राहतो!

ही उणीव भरून काढते गळती ओळखणारे ब्रेकर. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचे, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन भागांचे घ्यावे. एवढी गळती झाली, की ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. परवानाधारक वायरमनकडूनच ते बसवून घ्यावे आणि महिन्यातून एकदा त्यावरचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. ते वारंवार पडू लागले तर बाजूला काढून थेट जोडणी करू नये. कुठेतरी गळती आहे, हेच ते सांगत असते.

विहिरीत किंवा शेततळ्यात उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि स्वतःच्या खिशात ठेवावेत. “लाइट गेली आहे” यावर विसंबू नये. ऑटो स्विच असेल तर लाइट येताच मोटार आपोआप सुरू होते. पाण्यातली मोटार केबलला धरून ओढू नये, तिला दोर बांधावा.

कुणी विजेला चिकटलाच तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा. ते जमण्यासारखे नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला अलग करावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

पाइपाला मुंग्या येत असतील, तर आजच मोटार बंद ठेवून वायरमनला बोलवावे. पाण्याची एक पाळी चुकली तर पुढच्या पाळीला भरून काढता येते.