विहिरींचाही हिशेब हवा

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्या असल्या, तरी डिचोली, सत्तरी, सांगे येथील पडीक खंदकांचा प्रश्न उरतोच. भूजलपातळीखाली गेलेल्या खंदकांतून पाणी उपसले, तेव्हा आसपासच्या विहिरी आटल्या. उपसा थांबला की पाणी परतते. म्हणूनच खंदकात आज जे टाकाल, ते उद्या गावच्या कळशीत उतरेल. खंदक बुजवून वर झाडे लावली की जबाबदारी संपली, असे आम्ही मानत नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर विहिरींची पातळी मोजावी, पाणी तपासावे आणि आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत. खर्च अर्थातच खाणमालकांनी सोसावा. डोंगर तर गेलाच; निदान झरा तरी राखा!